खिशात एक नाणं: चारचौघांत ऐनवेळी जादू दाखवायला शिकणाऱ्यांसाठी

आमच्या लातूर-धाराशिव भागात येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, गावात माणूस सापडत नाही. सगळं गाव शेतात. कडब्याच्या कोपीत पूजा होते, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे पोटभर होतात आणि दुपार कलायला लागली की जो तो झाडाखाली आडवा होतो. मोबाईलला रेंज धड नसते, पोरं कंटाळलेली असतात. अशा वेळी कुणीतरी म्हणतंच, "काही तरी करा की राव." त्या क्षणी शेजारच्याकडून दहाचं नाणं मागून घ्यावं, ते मुठीत धरावं, फुंकर मारावी आणि मूठ रिकामी निघावी. झोपलेला माणूससुद्धा उठून बसतो.

मी हे तिशी ओलांडल्यावर, कुणी शिकवणारं नसताना शिकलो. पहिलं वर्ष जवळजवळ वाया गेलं, कारण कुठून सुरुवात करायची हेच कळत नव्हतं. मोबाईलवरच्या व्हिडिओंत हात इतके भरभर चालतात की बघणारा थक्क होतो आणि शिकणारा तिथंच राहतो. तुमचं ते वर्ष वाचावं म्हणून मला ज्या क्रमानं शिकायला हवं होतं, त्या क्रमानं सांगतो.

आपण रंगमंचावरच्या जादूबद्दल बोलत नाही. जादूगार रघुवीर किंवा पी. सी. सरकार यांच्यासारख्यांची जादू म्हणजे पेट्या, पडदे, दिवे, सहायक असा मोठा संसार. आपलं नातं जास्त जवळचं आहे ते बाजारात मातीवर बसून तीन वाट्या आणि गोळ्या फिरवणाऱ्या गारुड्याशी. त्याच्या चारी बाजूंनी माणसं, हाताच्या अंतरावर, आणि मधे पडदा नाही. नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाची यात्रा येळवशीच्याच सुमाराला भरते. तिथं किंवा दुसऱ्या कुठल्या यात्रेत असा खेळ करणारा दिसला तर वाट्या सोडा, त्याचे डोळे बघा. आपल्याला पुढं तेच शिकायचं आहे.

लागणारं साहित्य

- दहा रुपयांचं एक नाणं. २७ मिलिमीटरचं आणि दोन रंगांचं असल्यानं लांबून दिसतं, हातात नीट बसतं. एक रुपयाचं नवं नाणं फार लहान पडतं.
- दोन रबर, वेगवेगळ्या रंगांचे असले तर उत्तम. पाकिटाला लावतो तसले, फार मोठे नकोत.
- पेन आणि कागदाची चिठ्ठी.
- एक उपरणं किंवा ओढणी.
- सरावासाठी आरसा आणि व्हिडिओ काढता येईल असा मोबाईल.
- पत्त्यांचा साधा जोड. याबद्दल पुढं एक सूचना आहे.

विकत मिळणारे जादूचे संच सुरुवातीला घेऊ नका. प्लास्टिकची डबी बाहेर काढली की लोक डबीकडेच संशयानं बघतात. वस्तू त्यांच्याच घरातली असली की संशय घ्यायला जागा राहत नाही.

१. तीनच निवडा

सगळ्यात मोठी चूक इथंच होते. एक जादू अर्धीमुर्धी आली की माणूस दुसरीकडं वळतो आणि महिन्याभरात वीस जादूंची गुपितं ठाऊक होतात, पण दाखवता एकही येत नाही. गुपित कळायला दोन मिनिटं लागतात. हाताला ते कळायला तीन आठवडे लागतात. म्हणून पहिल्या दोन महिन्यांसाठी तीनच घ्या: नाणं, रबर आणि आकड्यांची. एक हाताची, एक झटक्याची, एक डोक्याची. तिघांचा बाज वेगळा असल्यानं एकामागून एक दाखवल्या तरी कंटाळा येत नाही.

२. नाणं: आधी खरं करा, मग खोटं

या जादूला 'फ्रेंच ड्रॉप' म्हणतात. जुनी आणि शिकणाऱ्यांकडून हमखास बिघडवली जाणारी.

डाव्या हाताचा तळवा वर. बोटं एकमेकांना चिकटलेली, किंचित वाकलेली. नाणं अंगठा आणि मधल्या बोटांच्या टोकांत कडेनं आडवं धरा, तळव्यापासून वर उचललेलं. आता उजवा हात ते घ्यायला येतो. उजवा अंगठा नाण्याच्या खालून, नाणं आणि तळवा यांच्यामधल्या पोकळीत जातो. बाकीची चार बोटं वरून आणि समोरून नाणं झाकतात. नाणं झाकलं गेलं की डावा अंगठा सैल सोडायचा. नाणं अलगद डाव्या बोटांच्या मुळाशी पडतं. उजवी मूठ मात्र नाणं घेतल्यासारखी मिटते आणि बाजूला जाते. डाव्या हाताला जणू आता काही काम उरलं नाही, असा तो खाली येतो. उजव्या मुठीवर फुंकर मारा, एकेक बोट उघडा. रिकामी.

खरी युक्ती सरावात आहे. आधी वीस वेळा नाणं खरोखर उजव्या हातात घ्या. चाल खोटी नको, सरळ घ्या. त्या वेळी तुमचा हात किती वेगानं जातो, मूठ किती घट्ट वळते, खांदा हलतो का, हे व्हिडिओत बघा. मग एकदा खोटं घ्या, पुन्हा पाच वेळा खरं, पुन्हा एकदा खोटं. व्हिडिओ बघताना कुठलं खरं आणि कुठलं खोटं हे तुम्हालाच ओळखू येईना, तेव्हा ती जादू तयार झाली. त्याआधी नाही.

तीन चुका सर्रास होतात. पहिली, डावा हात लाकडासारखा ताठ होतो. नाणं लपवताना हात आवळू नका, बोटं नैसर्गिक वाकलेली असली की नाणं आपोआप राहतं. त्याच हातानं शर्टाची कॉलर नीट करून बघा, नाणं पडलं नाही तर पकड बरोबर आहे. दुसरी, उजवी मूठ घाईनं पळते. तिसरी चूक इतकी मोठी आहे की तिला पुढचा टप्पाच दिला आहे.

हवामानाचंही सांगतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. थंडीत आपल्याकडं कातडी कोरडी पडते आणि नाणं हातातून निसटतं. अर्धा तास आधी हाताला थोडं खोबरेल चोळून पुसून घ्या. उलट जेवण झाल्या झाल्या, भज्जीचं तेल बोटांवर असताना नाण्याला हातच लावू नका. साबणानं धुवा, वाळू द्या. मे महिन्यात घामानं नाणं तळव्याला चिकटून राहतं आणि पडायचं तेव्हा पडत नाही. त्या दिवसांत मी रबर आणि आकड्यांवरच भर देतो.

३. डोळे

तुम्ही जिकडं बघाल तिकडं लोक बघतात. एवढंच. पण हे "एवढंच" हाताच्या चालीपेक्षा अवघड आहे, कारण नाणं ज्या हातात असतं तिकडं नजर आपोआप ओढली जाते. ती रोखायला एकच उपाय मला लागू पडला: उजव्या मुठीत नाणं आहे असं स्वतःच मानायचं. त्याचं वजन जाणवतंय असं धरून ती मूठ बघायची. तुमचा विश्वास बसला की त्यांचा बसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. लोक जेव्हा हसतात, प्रश्नाचं उत्तर देतात, किंवा त्यांना वाटतं की जादू अजून सुरूच झालेली नाही, तेव्हा त्यांचं लक्ष सैल असतं. चाल तेव्हा करायची. नाणं घेताना विचारा, "मामा, हे नाणं तुमचंच ना? साल कुठलं आहे बघितलंत का?" मामा आठवायला लागतात, बाकीचे मामांकडं बघतात, आणि तेवढ्यात काम झालेलं असतं. "आता नीट लक्ष देऊन बघा हं" असं चालीच्या आधी कधीच म्हणू नका. म्हणायचंच असेल तर चाल होऊन गेल्यावर म्हणा.

बसण्याची जागाही इथंच येते. ही चाल समोरून आणि उजवीकडून सुरक्षित आहे. पाठीमागून आणि डाव्या बाजूनं पडलेलं नाणं दिसतं. शेतात माणसं गोल करून बसतात, तेव्हा पाठ झाडाच्या बुंध्याला किंवा कोपीला लावून बसा. लग्नघरात कोपरा धरा. माझ्या एका चुलतभावाच्या हळदीच्या रात्री मी अंगणाच्या मधोमध उभा राहून नाणं गायब केलं. मागच्या बाजेवर बसलेल्या पोरानं तिथूनच ओरडून सांगितलं की ते डाव्या हातात आहे. चाल चांगली झाली होती. उभा राहायची जागा चुकली होती.

४. रबर

हे नाण्यापेक्षा सोपं आणि लहान मुलांना सगळ्यात जास्त आवडणारं. रबर तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी अडकवा. तळवा तुमच्याकडं, हाताची पाठ लोकांकडं. दुसऱ्या हातानं रबर स्वतःकडं ताणा, "बघा, किती घट्ट आहे." ते ताणलेलं असतानाच मूठ वळा आणि चारही बोटांची टोकं त्या रबराच्या आत घाला. समोरच्याला फक्त दोन बोटांवरचं रबर दिसतं. मूठ झटकन उघडा, रबर अनामिका आणि करंगळीवर उडी मारतं.

दुसऱ्या रंगाचं रबर चारही बोटांच्या टोकांभोवती, प्रत्येक बोटागणिक एक पीळ देऊन गुंडाळलं तरी पहिलं रबर उडी मारतंच. "आता कुलूप लावलं" असं म्हणून हे दुसऱ्यांदा करायचं. एकच जादू दोनदा दाखवायची मुभा मी फक्त इथं देतो, कारण दुसऱ्या वेळी ती जास्त अवघड दिसते.

५. एक हजार एकोणनव्वद

पाहुण्यांत एखादे गणिताचे सर किंवा हिशेबात पक्के असलेले दाजी असतील तर ही त्यांच्यासाठी. आधीच चिठ्ठीवर १०८९ लिहून ती घडी करून कुणाच्या तरी ताटाखाली ठेवा. मग सांगा:

तीन अंकी संख्या मनात धरा, पहिल्या आणि शेवटच्या अंकात किमान दोनचा फरक हवा. समजा ७४२. ती उलटी करा, २४७. मोठीतून लहान वजा करा, ४९५. हे उत्तर उलटं करा, ५९४. दोन्हींची बेरीज करा. १०८९.

कुठलीही संख्या घेतली तरी हेच येतं, कारण वजाबाकीत मधला अंक नेहमी ९ असतो आणि कडेच्या दोन अंकांची बेरीजही ९ असते. फरक एकचाच असेल तर वजाबाकी ९९ येते आणि लोक दोन अंकांतच अडकतात. ती ०९९ अशी धरली तर चालतं, पण समजावत बसण्यापेक्षा आधीच अट घाला. मोबाईलचा कॅल्क्युलेटर द्यायलाच हवा. तोंडी वजाबाकीत एखाद्याचं चुकलं तर तुमची जादू फसतेच, शिवाय चारचौघांत त्या माणसाचा हिशेब उघडा पडतो, ते वाईट.

चिठ्ठीपेक्षा भारी शेवट हवा असेल तर घरातलं कुठलंही जाडसर पुस्तक घ्या. आदल्या दिवशीच त्याच्या १०८व्या पानावरचा नववा शब्द पाठ करून ठेवा. उत्तर आलं की म्हणा, पान एकशे आठ उघडा, नववा शब्द मनात वाचा, आणि तो तुम्ही सांगा. फक्त पोथी किंवा ग्रंथ यासाठी घेऊ नका. ज्या पुस्तकासमोर घरातले हात जोडतात ते खेळात ओढू नये.

ही एका बैठकीत एकदाच. दुसऱ्यांदाही १०८९ आलं की सगळं उघड.

६. पत्ते असतील तर

आमच्याकडं काही घरांत पत्त्यांचा जोड दिसला की आज्जी-आजोबांच्या कपाळाला आठी पडते, जुगाराशी नातं जोडलं जातं म्हणून. त्या घरात पत्ते काढू नका, मागू तर अजिबात नका. जिथं दुपारी पत्ते खेळतातच तिथं मात्र ही एक जरूर शिका.

पत्ते पिसून झाले की सहज सगळ्यात खालचं पान बघून ठेवा. समजा इस्पिकचा गुलाम. समोरच्याला एक पान काढून बघायला सांगा, ते जोडाच्या सगळ्यात वर ठेवायला सांगा. मग त्यालाच जोड काटायला लावा: वरचा भाग उचलून खाली ठेवायचा आणि उरलेला त्यावर. तुमचा गुलाम आता बरोबर त्याच्या पानावर येऊन बसला. वरून एकेक पान उलटत चला. इस्पिकचा गुलाम आला की लगेच पुढचं पान त्याचं. लगेच सांगू नका, आणखी चार-पाच पानं उलटा, मग हात त्या पानावर फिरवत आणा.

कितीही वेळा काटलं तरी चालतं, पिसलं की संपलं. क्वचित असं होतं की काटण्याची जागा नेमकी त्या दोघांच्या मधे येते. मग त्याचं पान सगळ्यात वर असतं आणि गुलाम तळाला. उलटता उलटता गुलाम अगदी शेवटी आला तर घाबरू नका, पहिलं उलटलेलं पान त्याचं होतं.

७. एक गुपित वाटून टाका

"शिकवा की" हा आग्रह होणारच, आणि प्रत्येक वेळी नाही म्हणणं आपल्या माणसांत बरं दिसत नाही. त्यासाठी उपरण्याची गाठ ठेवा. उपरणं समोर अंथरा आणि म्हणा, एका हातानं एक टोक, दुसऱ्या हातानं दुसरं टोक धरा. एकदा धरलं की सोडायचं नाही. आता गाठ मारा. सगळे धडपडतात. तुम्ही आधी हाताची घडी घाला, घडी तशीच ठेवून वाका, दोन्ही हातांनी एकेक टोक धरा आणि घडी सोडा. गाठ आपोआप बसते.

हे शिकवून टाका. पोरं दिवसभर घड्या घालत फिरतात, मोठ्यांनाही काहीतरी हाती लागल्याचं समाधान मिळतं, आणि नाण्याचं गुपित कुणी मागत नाही.

८. पहिल्यांदा कुठं दाखवायची

घरच्यांसमोर नाही. बायको, आई, भाऊ यांनी तुम्हाला महिनाभर आरशासमोर नाणं पाडताना बघितलेलं असतं. पहिला प्रयोग दोन-तीन मित्रांसमोर, चहाच्या टपरीवर, उभ्या उभ्या. मग थंडीत कुणाच्या शेतावर हुरडा खायला जाल तिथं, आगटीच्या एका बाजूला बसून. एवढं झाल्यावरच लग्न, बारसं, येळवस. वाढदिवसाला दहा वर्षांखालची मुलं जास्त असतील तर नाण्याआधी रबर दाखवा. मुलं तुमच्या डोळ्यांकडं बघत नाहीत, सरळ हात धरतात.

आणि कुणी काही करा म्हणाल्याशिवाय किंवा गप्पा थंडावल्याशिवाय सुरू करू नका. मयताच्या घरी दहाव्या-तेराव्यालाही पाहुणे जमलेले असतात आणि पोरं हट्ट करतात. तिथं नाही म्हणजे नाही.

९. "परत एकदा" आणि "डावा हात दाव"

"परत एकदा करा"ला मान दिला की जादू मेली. दुसऱ्या वेळी त्यांना काय होणार हे ठाऊक असतं आणि ते बरोबर त्या हाताकडं बघतात. परत करण्याऐवजी लगेच दुसरी सुरू करा. तीन जादू शिकायला सांगितल्या त्या यासाठीच.

"डावा हात दाव" म्हणून कुणी मनगट धरलं तर ओढाताण करू नका. हसून हात उघडा, नाणं त्याच्या तळव्यावर ठेवा, "बरोबर ओळखलं" म्हणा आणि आकड्यांच्या जादूकडं वळा. तो माणूस बैठक संपेपर्यंत तुमच्या बाजूनं राहतो. पैसे लावून पैज मात्र कुणी कितीही आग्रह केला तरी घेऊ नका. हरलेला माणूस खेळ विसरतो, पैसे विसरत नाही.

१०. हातचलाखी आहे, हे तोंडानं सांगा

हा टप्पा गाळू नका, असं हात जोडून सांगतो.

आपल्या भागात हवेतून विभूती काढून दाखवणाऱ्या बुवांचा सुळसुळाट नवा नाही. त्यांचं तंत्र तुमच्या नाण्याचंच आहे: पेजेत मळून वाळवलेली राखेची गोळी बोटांच्या मुळाशी लपवायची आणि योग्य वेळी चुरडायची. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८९ साली स्थापन झाली. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि तिच्या कार्यकर्त्यांनी असे चमत्कार शाळाशाळांतून करून दाखवले आणि त्यामागची युक्तीही उघड केली. २० ऑगस्ट २०१३ला डॉक्टरांचा पुण्यात खून झाला. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. चमत्कार दाखवून पैसे कमावणं, लोकांना फसवणं हा आता गुन्हा आहे. आपण खेळ करतो, त्याला काही अडचण नाही. अडचण येते ती समोरच्यानं खेळ खरा मानला तर.

माझ्यासमोर हे झालं. एका शेतात पोरांना नाणं दाखवून झालं, माणसं पांगली, आणि एक म्हाताऱ्या आज्जी जवळ येऊन बसल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "बाबा, माझ्या नातवाला महिना झाला ताप सुटंना. तुला काय दिसतंय का बघ की." मी अर्धा तास मजा केली होती आणि तिथं बसून एक बाई त्याचा वेगळाच अर्थ लावत होती. मी नाणं काढलं, त्यांच्या डोळ्यांसमोर सावकाश चाल केली, डावा हात उघडून दाखवला. दोनदा, तीनदा. "आज्जी, हे एवढंच आहे. पोराला तालुक्याच्या दवाखान्यात न्या, रक्त तपासा." मग त्यांच्या मुलाला गाठून तेच सांगितलं.

तेव्हापासून सुरुवातीलाच म्हणतो, "ही हातचलाखी आहे, ओळखता आली तर बघा." मजा एका पैशानं कमी होत नाही. गुपित राखायचं ते खेळ म्हणून बघणाऱ्यापासून. ज्याला ती शक्ती वाटली, त्याच्यापुढं मूठ तिथल्या तिथं उघडायची.

११. उठण्याआधी

तीन जादू, फार तर दहा-बारा मिनिटं, आणि थांबा. लोक "अजून एक" म्हणत असतानाच थांबलेलं बरं. उसनी घेतलेली प्रत्येक वस्तू सगळ्यांदेखत ज्याची त्याला द्या: रबर पोरीच्या वेणीतलं होतं तर तिला, उपरणं आजोबांचं होतं तर नीट घडी घालून. दहाचं नाणं तर नाव घेऊन द्या, "मामा, हे घ्या तुमचं." कारण तुम्ही ते एकदा गायब केलेलं आहे, आणि संध्याकाळी मामा खिसा चाचपणारच.